आईचं बॅरल आणि सोनेरी डबा

माझ्या मुलीनं नुकतीच नवी मोटारसायकल घेतली. दणकट, जड, अंगणात उभी केली की म्हैस बांधल्यासारखी दिसते. दर रविवारी ती कणकुंबीवरून घाट उतरून गोव्याकडं जाते आणि संध्याकाळी चिखलानं माखून परत येते. पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी तिनं मला विचारलं, "आई, सिंथेटिक तेल घालू का साधं? दुपटीहून महाग आहे. खरंच तेवढ्या लायकीचं असतं का गं?" शोरूममधल्या माणसानं तिला अर्धा तास समजावलं होतं, मोबाइलवर तिनं दहा जणांचे व्हिडिओ बघितले होते, आणि तरीही ती माझ्याकडं आली. मी जन्मात सायकलीपलीकडं काही चालवलेलं नाही. पण मला मनातून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न आमच्या घरचा आहे. या एका प्रश्नापायी आमच्या घरानं अख्खं वर्ष घालवलं होतं, आणि त्याचं उत्तर माझ्या आईनं एका सकाळी भर रस्त्यावर पन्नास माणसांसमोर दिलं होतं. ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

आम्ही उद्यमबागेच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, रस्त्याला राहायचो. पुढं आईचं दुकान, मागं दोन खोल्या, त्यामागं न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड. दुकान म्हणजे इंजिन ऑइलचं. दारातच एक निळं बॅरल उभं असायचं, त्याला हातपंप बसवलेला, आणि शेजारी पत्र्याची मापं उलटी टांगलेली. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की फाउंड्र्यांमधून मोटारसायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि त्यातल्या पाच-सहा आमच्या दारात थांबायच्या. आई भाकरी थापता थापता आतून ओरडायची, "विमल, बाहेर बघ गं, त्या तिसऱ्या गाडीचं टॅपेट वाजालंय, त्याला सांग आधी मिस्त्रीकडं जा." मी बाहेर जाऊन बघावं तर तिसरी गाडी खरंच टकटक करत उभी असायची. पिठाच्या हातानं ही बाई इंजिनाची नाडी कशी बघते, याचं गिऱ्हाइकांना नवल वाटायचं. मला वाटायचं नाही. मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं करतात.

आईचं माहेर सदलग्याचं. तिचा बाप, म्हणजे माझा आजा, दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर इंजिन चालवायचा. उसाचा चरक फिरवणाऱ्या त्या डिझेल इंजिनाजवळ आईचं बालपण गेलं. तेल अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घ्यायचं, ताणून त्याची तार बघायची, मग नाकाला लावायचं, हे तिला आज्यानं शिकवलं होतं. तो म्हणायचा, इंजिन तेल पीत नाही, तेल चावतं. चावून झालेला घास परत तोंडात घालू नये. आईनं लग्नानंतर दुकान टाकलं तेव्हा लोक हसले होते. बाईमाणसानं बांगड्या विकाव्यात, फार तर चटणी-मसाला. ऑइल कसलं विकते? दोन वर्षांत तेच लोक तिला आक्का म्हणायला लागले. बॅरलातलं तेल साधं होतं पण अस्सल होतं. बॅरल आल्यावर ती चिमटीत घेऊन बघितल्याशिवाय उतरवून घ्यायची नाही, आणि एकदा तर तिनं टेम्पोवाल्याला तसाच माघारी पाठवला होता. तो प्रसंग आमच्या गल्लीत दिवाळीच्या किल्ल्यासारखा बरेच दिवस दाखवला जायचा.

वडील, म्हणजे आमचे आप्पा, फाउंड्रीत भट्टीवर होते. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याला ठिणग्यांची बारीक बारीक भोकं असायची आणि आई ती रफू करायची नाही, म्हणायची, मेडल हायत ती तुझ्या आप्पाची, ऱ्हाऊ देत. घरी आल्यावर ते आधी गुळाचा खडा तोंडात टाकायचे. सदलग्याहून मामा ढेप पाठवायचा, ती खास त्यांच्यासाठी. गुळानं छातीतली धूळ उतरते असं भट्टीवरचे सगळेच म्हणत. पण त्या वर्षी गूळ खाऊनही खोकला उतरेना. भाकरीचा तुकडा मोडायचा, खर्ड्याला लावायचा, आणि तोंडात घालण्याआधीच ढास लागायची. आम्ही दोघी जेवताना त्यांच्याकडं बघायचं टाळायचो. भट्टी सोडून दुकानात बसावं असं त्यांच्याही मनात होतं, पण एकट्या दुकानाला तिघांचं घर चालवण्याची ताकद नव्हती.

अशात दसरा झाल्यावर एक दिवस एजंट आला. हुबळीकडचा माणूस, पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, बोलणं गोड. त्यानं काउंटरवर सिंथेटिक तेलाचा एक सोनेरी डबा ठेवला. उजेडात तो असा चमकला की मी पुस्तक मिटून बाहेर आले. "अक्कावरे," तो म्हणाला, "जमाना बदलला. तुम्ही अजून बॅरल धरून बसलाय. अख्ख्या उद्यमबागेची एजन्सी तुम्हाला देतो. बोर्ड आमचा, कपाट आमचं. साहेबांना भट्टीवर जायची गरज पडणार नाही." हे शेवटचं तो आप्पांकडं बघून म्हणाला. त्यानं आधी कुणाकडून तरी सगळी माहिती काढली असणार. मग त्यानं अट सांगितली. बॅरल काढायचं, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की साध्या तेलानं इंजिन खराब होतं.

"होतं काय?" आईनं विचारलं.

"अं?"

"साध्या तेलानं इंजिन खराब होतं काय, इचारालोय मी." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. तीस वर्षं शाळेत शिकवूनही घरात माझी जीभ तशीच वळते.

एजंट हसला. "सगळं जग म्हणतं, अक्कावरे."

"जग म्हणू दे. मी डोळ्यानं बघितल्याबिगर बोलत न्हाय."

त्या संध्याकाळी तिनं दोन वाट्या घेतल्या, एकीत बॅरलातलं तेल, दुसरीत सोनेरी डब्यातलं, आणि दोन्ही स्टोव्हवर तापवली. साधं तेल तापल्यावर पाण्यासारखं पळायला लागलं. सोनेरी तेलानं मात्र आपली तार सोडली नाही. आई बराच वेळ दोन्हीतून काडी फिरवत बसली होती. घरभर असा वास सुटला की जेवताना आप्पांनी पिठल्याला नाक लावून विचारलं, "आजचं पिठलं कुठल्या कंपनीचं?" आई हसली नाही. म्हणाली, "तेल चांगलं हाय. खोटं कशाला बोला. पर एवढं चांगलं कुणाला लागतंय, ते वाटीत कळत न्हाय."

म्हणून वर्षभराची परीक्षा ठरली. जांबोटीच्या अलीकडच्या एका गावातले दोघे भाऊ, यल्लाप्पा आणि भरमा, आप्पांच्याच फाउंड्रीत होते. पाडव्याला दोघांनी एकाच दिवशी एकाच जातीच्या गाड्या घेतल्या होत्या. एकच गाव, एकच रस्ता, एकच पाळी. एकाच्या गाडीत वर्षभर सोनेरी, दुसऱ्याच्या साधं, आणि येत्या खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्या दारात दोन्ही इंजिनं उघडायची. सोनेरी जिंकलं तर बॅरल जाणार, एजन्सी येणार आणि आप्पा भट्टी सोडणार. साधं जिंकलं तर एजंटनं परत तोंड दाखवायचं नाही. एजंटला स्वतःच्या मालाची खात्री होती. "आयतु," म्हणून त्यानं मान डोलावली आणि वर्षाला पुरतील एवढे डबे फुकट ठेवून गेला. चिठ्ठ्या मी टाकल्या. सोनेरी थोरल्या यल्लाप्पाच्या नावानं निघालं. मला आनंद झाला, कारण यल्लाप्पा म्हणजे चपला पुसून ठेवणारा माणूस, आणि भरमा शिट्ट्या मारत खड्ड्यातून गाडी उडवणारा. आप्पांकडं बघितलं तर त्यांनाही तेच वाटलेलं दिसलं. आम्हा बापलेकीला सोनेरी डबाच जिंकायला हवा होता, हे मी आज लपवत नाही.

आईनं मला एक काम दिलं. तेल बदलायची वेळ आली की दोघांनी दुकानात यायचं, जुनं तेल माझ्यासमोर काढायचं, नवं माझ्यासमोर घालायचं, मग मी दाराच्या चौकटीवर खडूनं रेघ मारायची. "डोळ्यानं बघायचं आन् मगच रेघ," ती म्हणाली. भरमा दर दीड महिन्यानं यायचा, घाईत असायचा, गाडी आडवीतिडवी लावायचा, पण तेल बदलून जायचा. यल्लाप्पा पहिल्यांदा आला. पुढच्या वेळी तो नुसता डबा घेऊन गेला, दोन दिवसांनी म्हणाला, "घरातच बदललो गं विमल, रविवार हुता." माझी परीक्षा तोंडावर होती. यल्लाप्पासारखा माणूस खोटं बोलेल असं कुणाला वाटलं असतं? मी रेघ मारली. त्यानंतर दर वेळी तो डबा घेऊन जायचा आणि दर वेळी मी रेघ मारायची. आता कळतं, मला ती रेघ मारायचीच होती.

खंडेनवमी उजाडली. आमच्या भागात त्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या हत्याराची पूजा करतो. आप्पांनी आपली सांडशी आणि भट्टीचा चष्मा धुऊन पाटावर मांडला होता, आईची मापं, शिवणाचं मशीन, माझी कंपासपेटीसुद्धा. सगळ्याला हळदकुंकू, सगळ्याला झेंडूचा हार. आत आई देवीच्या फुलोऱ्याला टांगायच्या कडाकण्या तळत होती आणि त्या गोड वासात बाहेरच्या तेलाचा वास मिसळत होता. माझ्या डोळ्यांत एक गोष्ट भरली. आप्पांनी सगळ्यात जाडजूड हार बाजूला ठेवला होता आणि बॅरलाला साधं फूलही वाहिलं नव्हतं. मी विचारलं, हा कुणाला? तर म्हणाले, "बोर्ड येतोय की." एजंट खरंच बोर्ड टेम्पोत घालून घेऊन आला होता, कागदात गुंडाळलेला.

दहा वाजेपर्यंत रस्ता भरला. सुट्टी होती, फाउंड्रीवाले सगळे जमलेले, चहाच्या गाडीवाल्यानं गाडी आमच्याच दारात आणून लावली. दस्तगीर मिस्त्रीनं पोतं अंथरलं, हात जोडले आणि आधी भरमाचं इंजिन उघडलं. आत थोडी काजळी होती, बाकी सगळं जागच्या जागी. वरचा दांडा भांड्यासारखा लखलखत होता. लोक माना डोलवू लागले. मग यल्लाप्पाचं इंजिन उघडलं आणि मिस्त्रीच्या तोंडून "या अल्ला" निघालं. आत काळा चिखल साचलेला. वरच्या दांड्याला खड्डे पडले होते, तिथवर तेल पोचलंच नव्हतं. एकदम ओरडा झाला. "आक्काचं बॅरल जिंकलं!" कुणीतरी शिट्टी मारली. एजंटचा चेहरा उतरला. मी आप्पांकडं बघितलं. ते पाटावरच्या सांडशीकडं बघत होते.

लोक आईला पेढे मागत होते आणि आई मात्र पोत्यावर उकिडवी बसून तो चिखल चिमटीत घेऊन ताणत होती. मग तिनं मिस्त्रीला तळातली जाळी काढायला लावली. जाळी तिनं उन्हात धरली, नखानं काहीतरी सोडवलं आणि तळहातावर ठेवलं. सुताचे धागे होते ते, तेलानं माखलेले, पण पुसल्यावर हिरवे दिसले.

"विमल," ती म्हणाली, "ह्याचं तेल दर खेपंला तू डोळ्यानं बघितलीस?"

सगळा रस्ता माझ्याकडं वळला. हो म्हणणं किती सोपं होतं. चौकटीवर रेघा होत्याच. पण आईच्या तळहातावर ते धागे होते, आणि त्या हाताला मी आजवर खोटं सांगितलेलं नव्हतं. "न्हाय," मी म्हणाले. "एकदाच बघितलो. बाकीच्या रेघा नुसत्याच मारल्या." आईनं फक्त मान हलवली आणि यल्लाप्पाकडं वळली. तो आधीच रडकुंडीला आला होता.

"आक्का, चुकलं माझं," तो म्हणाला. "घरात पहिल्यांदा ते सोनेरी तेल काडलो आन् जीव झाला न्हाय बघा. एवढं मोलाचं तेल गटारात वतायचं कसं? आईच्या जुन्या लुगड्यातनं गाळलो आन् परत घातलो. दर खेपंला तसंच. डबं हायत की, देव्हाऱ्याखाली तसंच ठिवलोय. चिठ्ठी माझ्या नावानं निघाली, ह्या भरमाच्या वाट्याला साधं आलं. मला बरं वाटंना. म्हटलं वरीस सरलं की त्याच्या गाडीला घालू."

लोक हसू लागले. भरमा हसला नाही. तो भावाजवळ जाऊन उभा राहिला. आई उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "हसू नका. आन् ऐका. माझं तेल जिंकल्यालं न्हाय. सोनेरी तेल ह्या इंजिनात दीड महिना काम केलं, पुढं वर्षभर त्याचा चोथा फिरालता. त्येच्या नावानं बोंब मारायची न्हाय. परीक्षा बाद."

"आक्काला एजन्सी पायजे वाटतं!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि जे लोक घटकेपूर्वी तिचा जयजयकार करत होते तेच खो खो हसले. तो शब्द मला आजही बोचतो. एजंट मात्र पुढं आला, त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "बघा, अक्कावरे खरं बोलल्या! चला, बोर्ड उतरवा. बॅरल काढून घ्या."

"थांबा साहेब," आई म्हणाली. तिनं भरमाच्या इंजिनावर हात ठेवला. "हे बी बघा की. साधं तेल, पर दर खेपंला ताजं. कुठं काय बिघडलंय? ह्यो माणूस गावातनं भट्टीवर येतो आन् भट्टीवरनं गावाला जातो, एवढंच. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू, साध्या तेलानं तुझं इंजिन खराब हुतंय म्हणून? तुमचं तेल चांगलं हाय. दोन पोती मागं बांधून घाट चढणाऱ्याला मी सवता सांगीन, जादा पैसं घाल पर हेच घे. दोन्ही ठेवतो मी. पर बॅरल हितंच ऱ्हाणार आन् ते वाक्य मी बोलणार न्हाय."

"मग एजन्सी जमणार नाही, अक्कावरे."

"नसू दे."

एका सकाळी ती दोनदा खरं बोलली. पहिल्यांदा लोकांनी दिलेली जीत गेली, दुसऱ्यांदा एजन्सी गेली. मुलीला परवा मी तेच सांगितलं: तू घाट चढतेस, घाल महागाचं, पैसे वाया जाणार नाहीत. पण वेळ झाली की ओतून टाक, जीव गुंतवू नकोस. गावातल्या गावात फिरणार असतीस तर साधंच घाल म्हटलं असतं.

बोर्ड टेम्पोतून तसाच परत गेला आणि पुढच्या महिन्यात पलीकडच्या चौकातल्या दुकानावर लागला. आप्पांची भट्टी सुटायला आणखी तीन वर्षं लागली, पण सुटली. खानापूरपासून माणसं यायची आणि "आक्का सांगंल ते" म्हणून उभी राहायची. मागून ओरडलेला तो माणूसही त्यात होता. यल्लाप्पानं देव्हाऱ्याखालचे सगळे डबे पिशवीत घालून परत आणून दिले. हे सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं. रस्ता रिकामा झाला होता, चहावाला कप विसळत होता, आणि आई दारात उभी राहून आप्पांची नजर टाळत होती. मी तिला घाबरलेलं त्या एकाच वेळी बघितलं.

आप्पा उठले. त्यांना ढास लागली, ती ओसरेपर्यंत भिंतीला धरून उभे राहिले. मग त्यांनी बोर्डासाठी ठेवलेला तो जाड हार उचलला, बॅरलाजवळ गेले, सदऱ्याच्या बाहीनं त्याचं झाकण पुसलं आणि हार हातपंपाच्या मानेत घातला. हळदकुंकू लावलं. हात जोडले. आणि मागं न बघताच आईला म्हणाले, "परवा पहिली पाळी हाय माझी. डबा लवकर कर."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. थोड्या वेळानं कढईत कडाकणी सोडल्याचा आवाज आला. मी शाळेतल्या नोकरीत पुष्कळ सत्कार बघितले, दोन-चार माझेही झाले. पण त्या निळ्या, तेलकट बॅरलाला जसा शोभला तसा हार मी पुन्हा कुणाच्या गळ्यात बघितला नाही.